रशियाची गादी आणि वारसाहक्काचा कायदा

रशियन साम्राज्याच्या इतिहासात १७२५ ते १८०१ या ७६ वर्षांत आठ राज्यकर्ते गादीवर आले. त्यांपैकी तिघांचा शेवट पदच्युती किंवा खुनात झाला. बहुतेकांच्या राज्यारोहणाच्या वेळी राजधानीतील गार्ड पलटणींचा कल कोणाकडे आहे, हाच प्रश्न निर्णायक ठरला. या अस्थैर्याचे मूळ एका कायद्यात होते, आणि तो केला होता रशियाला युरोपातील बलाढ्य सत्ता बनविणाऱ्या पीटर द ग्रेट याने.

पीटरच्या आधीही वारसाहक्काचा लेखी नियम रशियात नव्हता. बापामागून थोरला मुलगा ही रूढी होती व ती बहुधा पाळली जाई. पहिला झार म्हणून १५४७ मध्ये राज्याभिषेक करवून घेणारा ‘भयंकर’ इव्हान याने १५८१ मध्ये संतापाच्या भरात आपल्या कर्त्या मुलावर प्राणघातक वार केला. मागे उरलेला फ्योदोर १५९८ मध्ये निपुत्रिक मरण पावला आणि मॉस्कोचे जुने राजघराणे संपले. पुढील १५ वर्षे दुष्काळ, पोलिश आक्रमण आणि इव्हानचा मृत मुलगा दिमित्री आपणच, असे सांगणारे तोतये यांनी देश पोखरून काढला. अखेर १६१३ मध्ये राष्ट्रीय सभेने १६ वर्षांच्या मिखाईल रोमानोव्हची निवड केली. त्याच घराण्यात १६८२ मध्ये पुन्हा पेच उद्भवला, तेव्हा दुबळा इव्हान आणि दहा वर्षांचा पीटर या सावत्र भावांना एकाच वेळी झार करण्यात आले. त्यांच्यासाठी बनविलेले जोडसिंहासन आजही क्रेमलिनच्या संग्रहालयात आहे. त्याच्या पाठीला एक झरोका आहे; त्यामागे बसून बालराजांना उत्तरे सुचविली जात, असे सांगतात.

पीटरचा थोरला मुलगा अलेक्सी याला बापाच्या सुधारणांत रस नव्हता. तो १७१६ मध्ये देशाबाहेर पळाला. अभयाचे आश्वासन देऊन त्याला परत आणण्यात आले, गादीवरील हक्क सोडावयास लावले गेले आणि पुढे राजद्रोहाचा खटला चालविण्यात आला. देहांताची शिक्षा जाहीर झाल्यानंतर जून १७१८ मध्ये तो पीटर्सबर्गच्या किल्ल्यातील कोठडीत मरण पावला. दुसऱ्या पत्नीपासून झालेला लहान मुलगाही पुढच्याच वर्षी दगावला. यानंतर ५ फेब्रुवारी १७२२ रोजी पीटरने कायदा जारी केला : गादीचा वारस ठरविण्याचा अधिकार सर्वस्वी राज्यकर्त्या सम्राटाचा, नेमलेला वारस नालायक निघाल्यास त्याला दूर करण्याचा अधिकारही त्याचाच. जन्मापेक्षा योग्यता श्रेष्ठ, हे तत्त्व ऐकावयास आकर्षक होते. पण निवड करणाराच निवड न करता गेला तर काय, याचे उत्तर कायद्यात नव्हते. नेमके तेच घडले. जानेवारी १७२५ मध्ये पीटर वारस न नेमताच मरण पावला.

सरदार-मंडळी खलबते करीत असता राजवाड्याबाहेर गार्ड पलटणींचे नगारे वाजू लागले. पीटरचा विश्वासू सहकारी मेन्शिकोव्ह याने या पलटणींच्या बळावर पीटरच्या विधवेस गादीवर बसविले. ही पहिली कॅथरीन जन्माने लिव्होनियातील सामान्य शेतकरी कुटुंबातील होती. दोन वर्षांनी तिच्यामागून अलेक्सीचा मुलगा दुसरा पीटर आला. तो १७३० मध्ये, विवाहाच्या ठरलेल्या दिवशीच, देवीच्या रोगाने वारला. त्या वेळी उमरावांच्या सर्वोच्च परिषदेने पीटरची पुतणी अ‍ॅना हिला अटी घालून बोलावले. युद्ध, कर आणि वारसाची नेमणूक यांसाठी परिषदेची संमती आवश्यक, असा तो करार होता. रशियात राजसत्तेला लेखी मर्यादा घालण्याची ती दुर्मीळ संधी होती. परंतु मूठभर घराण्यांच्या हाती सत्ता जाणे इतर सरदारांना आणि गार्ड अधिकाऱ्यांनाही नको होते. त्यांचा पाठिंबा पाहताच अ‍ॅनाने तो कागद सर्वांसमक्ष फाडला.

अ‍ॅनाने मात्र पीटरच्या कायद्याचा पुरेपूर वापर करून आपल्या भाचीच्या दोन महिन्यांच्या मुलाला वारस नेमले. हा सहावा इव्हान जेमतेम १३ महिने सम्राट होता. नोव्हेंबर १७४१ मधील एका रात्री पीटरची मुलगी एलिझाबेथ प्रिओब्राझेन्स्की पलटणीच्या बराकीत गेली, आपण कोणाची कन्या आहोत याची शिपायांना आठवण करून दिली आणि त्यांच्यासह राजवाडा ताब्यात घेतला. रक्त सांडले नाही. तिला साथ देणाऱ्या सुमारे ३०० शिपायांच्या तुकडीला वंशपरंपरागत उमरावपद मिळाले. पदच्युत बालकाच्या नावाची नाणी बाद झाली, त्याचे नाव कागदपत्रांतून पुसले गेले आणि तो स्वतः बंदिवासात वाढला. श्लुसेलबर्गच्या किल्ल्यात, त्याला सोडविण्याचा प्रयत्न झालाच तर ठार करावे असा पहारेकऱ्यांना हुकूम होता. १७६४ मध्ये एका तरुण अधिकाऱ्याने तसा प्रयत्न केला आणि हुकूम अमलात आला. सम्राट होऊन गेलेला तो कैदी तेव्हा २३ वर्षांचा होता.

त्याला मारण्याचा हुकूम कायम ठेवणारी राज्यकर्ती म्हणजे दुसरी कॅथरीन. जर्मन राजकन्या असलेल्या या सम्राज्ञीचा गादीवर कोणत्याही नियमाने हक्क नव्हता. पती तिसरा पीटर याला जून १७६२ मध्ये गार्डांच्या साह्याने हटवून ती सत्तेवर आली. काही दिवसांतच पीटर रोप्शा येथील बंदिवासात मेला. मूळव्याधीतून उद्भवलेल्या पोटशूळाने तो गेल्याचे सरकारी निवेदनात म्हटले होते. सात वर्षांचा मुलगा पॉल वयात येईपर्यंत कॅथरीनने केवळ पालक म्हणून कारभार पाहावा, अशी काही मुत्सद्द्यांची अपेक्षा होती. तिने ३४ वर्षे राज्य केले. तिसरा पीटर जिवंत असल्याची वदंता खेड्यापाड्यांत पसरली होतीच. १७७३ मध्ये पुगाचोव्ह या कोसॅकाने तोच आपण असे जाहीर करून व्होल्गाकाठचा मुलूख पेटविला.

आई आपल्याला डावलून नातू अलेक्झांडरला गादी देणार, या धास्तीत पॉलची उमेदीची वर्षे गेली. १७९६ मध्ये तो गादीवर आला तेव्हा ४२ वर्षांचा होता. त्याने पित्याचे अवशेष थडग्यातून काढवून त्यांना मुकुट घातला, कॅथरीनच्या शवपेटीशेजारी ठेवले व दोघांना एकत्र दफन केले. रोप्शाच्या प्रकरणाशी ज्याचे नाव जोडले जाई, त्या अलेक्सी ऑर्लोव्हला या मिरवणुकीत मृत सम्राटाचा मुकुट हाती धरून चालावे लागले. सूड इतका नाट्यमय क्वचितच घेतला गेला असेल.

याच पॉलने ५ एप्रिल १७९७ रोजी, राज्याभिषेकाच्या दिवशी, नवा वारसा कायदा वाचून दाखविला. थोरला मुलगा, त्याचे पुत्रपौत्र, ती शाखा खुंटल्यास पुढचा मुलगा, असा क्रम त्यात बांधून दिला होता. घराण्यातील शेवटचा पुरुष संपल्याखेरीज स्त्रीला गादी मिळणार नव्हती. १७२५ ते १७९६ या ७१ वर्षांपैकी सुमारे ६६ वर्षे रशियावर स्त्रियांनी राज्य केले होते. यापुढे एकही सम्राज्ञी स्वतःच्या हक्काने गादीवर आली नाही. पॉलच्या प्राणांचे रक्षण मात्र हा कायदा करू शकला नाही. मार्च १८०१ मध्ये गार्ड अधिकाऱ्यांनी त्याला त्याच्या शयनगृहात ठार केले. त्याने हिंदुस्थानवर धाडलेले वीस हजारांवर कोसॅक तेव्हा वाटेत होते. अलेक्झांडरने त्यांना लगोलग परत बोलावले. तरीही वारस कोण, हा प्रश्न त्या रात्री कोणालाच पडला नाही.

तो पडला १८२५ मध्ये, आणि तोही गुप्ततेमुळे. अलेक्झांडरला मुलगा नव्हता. धाकटा भाऊ कॉन्स्टंटाइन याने पोलिश स्त्रीशी विवाह करून हक्क सोडला होता. त्यानुसार तिसरा भाऊ निकोलस वारस असल्याचा जाहीरनामा १८२३ मध्ये तयार करून तो मॉस्कोच्या कॅथेड्रलमध्ये मोहोरबंद ठेवण्यात आला. सम्राट दक्षिणेत तागानरोग येथे वारल्याची वार्ता आठ दिवसांनी राजधानीत पोहोचली, तेव्हा निकोलसने स्वतःच कॉन्स्टंटाइनच्या निष्ठेची शपथ घेतली. वॉर्सातील कॉन्स्टंटाइन राज्य घेईना आणि राजधानीत येऊन तसे जाहीरही करीना. दोन आठवड्यांहून अधिक काळ चाललेल्या या घोळाचा लाभ राज्यघटना मागणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांनी घेतला. १४ डिसेंबर रोजी, निकोलसच्या शपथविधीच्या दिवशी, सुमारे तीन हजार सैनिक सेनेट चौकात उभे राहिले. संध्याकाळी तोफा डागून उठाव मोडण्यात आला आणि पुढे पाच जण फासावर गेले. आधीच्या सर्व बंडांत गार्डांना एकाऐवजी दुसरा राजा हवा होता. या वेळी त्यांच्या नेत्यांना राजसत्तेचे स्वरूपच बदलावयाचे होते.

यानंतर ९२ वर्षे गादी बिनबोभाट एकाकडून दुसऱ्याकडे गेली. १८८१ मध्ये दुसरा अलेक्झांडर बाँबहल्ल्यात मारला गेला तेव्हाही. मात्र जो नियम घराण्याचा आधार होता, तोच दुसऱ्या निकोलसच्या काळात जाचक ठरला. त्याला ओळीने चार मुली झाल्या. १९०० मध्ये तो विषमज्वराने अंथरुणास खिळला असता थोरल्या मुलीचा विचार व्हावा काय, अशी चर्चा निघाली. कायद्यापुढे ती टिकली नाही. १९०४ मध्ये जन्मलेल्या अलेक्सीला रक्त न गोठण्याचा विकार होता. वारसाचे दुखणे हे राज्याचे गुपित बनले आणि त्या गुपिताच्या आडून रास्पुटिनचा राजवाड्यात शिरकाव झाला.

क्रांतीच्या धामधुमीत, नव्या पंचांगानुसार १५ मार्च १९१७ रोजी, निकोलसने प्स्कोव्ह येथे रेल्वेच्या डब्यात राज्यत्याग केला. दुपारी तो अलेक्सीच्या बाजूने होता. मग त्याने राजवैद्यांना मुलाच्या आयुर्मानाविषयी विचारले आणि रात्री स्वतःबरोबर मुलाच्याही वतीने त्याग करून भाऊ मायकेल याला वारस नेमले. १२ वर्षांच्या वारसाचा हक्क बापाने सोडण्याची तरतूद पॉलच्या कायद्यात नव्हती. मायकेलने दुसऱ्याच दिवशी, संविधान सभेने देऊ केल्यासच आपण सत्ता स्वीकारू, असे लिहून दिले. ती वेळ आली नाही. जून १९१८ मध्ये पर्म येथे मायकेलला आणि पुढच्या महिन्यात येकातेरिनबुर्ग येथे निकोलसला कुटुंबासह गोळ्या घालण्यात आल्या.

परागंदा झालेल्या रोमानोव्हांपैकी किरील याने १९२४ मध्ये स्वतःला सम्राट घोषित केले. त्याचा मुलगा व्लादिमीर १९९२ मध्ये वारल्यावर त्याची कन्या मारिया हिने घराण्याच्या प्रमुखपदावर हक्क सांगितला. समान दर्जाच्या विवाहातून जन्मलेला एकही पुरुष आता उरलेला नाही, म्हणून स्त्रीवारसाचे कलम लागू होते, असा तिच्या पक्षाचा युक्तिवाद आहे; घराण्यातील इतर शाखांना तो मान्य नाही.