दाढ काढली की डोळे जातात का, मिश्रीनं दात घट्ट होतात का? गावात नेहमी विचारले जाणारे दातांचे प्रश्न

उत्रोली (ता. भोर) : दोन वर्षांपूर्वी आषाढात माझी खालची दाढ ठणकायला लागली. रोपं लावणीला आली होती, बाया ठरल्या होत्या, चिखलणी चालू होती. म्हटलं लावणी उरकली की दाखवू. मेडिकलमधून गोळी घ्यायची, दोन दिवस काढायचे, परत गोळी. बाराव्या दिवशी गाल सुजून डोळ्यापर्यंत आला आणि तोंड उघडेना. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस आधी आला असता तर दाढ वाचली असती. ती गेलीच, वर आठ दिवस अंथरुणात काढले आणि लावणी दुसऱ्यांनी केली.

तेव्हापासून पारावर दाताचा विषय निघाला की लोक मलाच विचारतात. त्यातले वारंवार येणारे प्रश्न मी दातांच्या डॉक्टरांना विचारून घेतले. वाचून झालं की घरात म्हाताऱ्या माणसांनाही वाचून दाखवा, कारण निम्मे प्रश्न त्यांचेच आहेत.

"भाऊ, वरची दाढ काढली तर डोळं जात्यात का रं?"

नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. दाताला जाणारी नस वेगळी आणि दृष्टीची नस वेगळी. दाढ काढल्यामुळे नजर कमी होत नाही. मग ही समजूत आली कुठून? दाढा काढायची वेळ बहुतेकांवर पन्नाशीच्या आसपास येते आणि मोतीबिंदू, चष्मा हेही त्याच वयात सुरू होतं. दोन्ही एकदम आलं की लोक त्याची सांगड घालतात. उलट वरच्या दाढेत पू तसाच ठेवला तर सूज डोळ्याखाली चढू शकते, ते धोक्याचं.

दातात कीड म्हणजे खरी अळी असते का?

जत्रेत, बाजारात दातातली कीड काढून देणारे बसतात. रिंगणीच्या बियांची धुरी देतात नाहीतर कानाशी कसली मुळी धरतात आणि कापसावर बारीक पांढऱ्या अळ्या दाखवतात. त्या अळ्या दातातल्या नसतात. बियांतले कोंब असतात, नाहीतर हातचलाखी. दात किडतो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंमुळे. आपण गोड, पिठूळ खातो, त्याचे कण दाताला चिकटतात, जंतू त्यांचं आम्ल करतात आणि ते आम्ल दात पोखरतं.

दाताच्या वरच्या कवचात नस नसते. म्हणून कीड वरवर असते तेव्हा काहीच दुखत नाही, फक्त काळा ठिपका दिसतो. याच वेळी सिमेंट भरलं तर काम एका बैठकीत आणि थोडक्या पैशात होतं. पुढच्या थरात गेली की थंड-गोड झोंबतं. नसेपर्यंत पोचली की रात्री आडवं पडल्यावर ठणका लागतो. आणि कधी कधी असा ठणका आपोआप थांबतो. तिथंच आपण फसतो. दात बरा झालेला नसतो, नस मेलेली असते, आणि खाली मुळाशी पू साठायला लागलेला असतो. माझं असंच झालं होतं. मधले तीन दिवस दुखलं नाही म्हणून मी खूश होतो.

गोळीनं भागत नाही का?

दुखणं थांबवणारी गोळी दुखणंच थांबवते, कीड नाही. मनानं घेतलेल्या अँटिबायोटिकनं सूज उतरते, पण घाण दाताच्या आतच राहते आणि सूज पुन्हा येते. उपाशीपोटी दुखीच्या गोळ्या घेत राहिलं तर पोटात जखम होते, किडनीवर ताण येतो. बीपी, शुगर असणाऱ्यांनी तर हे करूच नये. दुखऱ्या दाढेत तंबाखू, कापूर, ठेचलेली गोळी दाबून ठेवतात, त्यानं हिरडी भाजते. लवंग चालते, पण डॉक्टरकडे पोचेपर्यंतच.

सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरली, गिळता येईना, तोंड उघडेना, ताप भरला, जिभेखालचा भाग वर उचलला गेला, श्वास अडखळला, तर सकाळची वाट बघू नका. रात्र असली तरी निघा, १०८ ला फोन करा. दाताच्या अशा सुजेनं माणसं दगावतात.

रूट कॅनॉल करावं की दाढ काढून मोकळं व्हावं?

रूट कॅनॉल म्हणजे दाताच्या आतली सडलेली नस काढून, पोकळी धुऊन, ती बंद करणं. वर टोपी बसवतात, कारण असा दात पुढे ठिसूळ होतो. दोन-तीन खेपा होतात, खर्चही होतो. काढणं स्वस्त पडतं, पण रिकाम्या जागेत शेजारचे दात कलतात, समोरची दाढ लोंबते आणि चावायची बाजू जाते. मूळ शाबूत असेल तर दात वाचवावा, नुसती खुंटी उरली असेल तर काढावा. नक्की काय, ते एक्स-रे बघून ठरतं. आधी एकूण खर्च आणि किती खेपा, हे टोपीसह विचारून घ्या. विचारायला लाजू नये. बैल घेताना आपण दात मोजून भाव करतो, इथं का गप्प बसायचं?

दात साफ करून घेतले की हलतात म्हणतात

हलत नाहीत. दातांवर वर्षानुवर्षं किटण साठून दगडासारखं होतं. ते हिरडीला खाली ढकलतं आणि हाड झिजवतं. दात आतून सुटलेलाच असतो, किटणानं फक्त एकमेकाला धरून ठेवलेला. किटण काढलं की खरी स्थिती कळते. थोडे दिवस थंड झोंबतं, फटी वाटतात, मग हिरडी आवळते. ब्रश करताना रक्त येतं ते हिरडी सुजल्याची खूण आहे. रक्त येतं म्हणून ब्रश सोडू नका, मऊ ब्रशनं चालू ठेवा आणि दाखवा. शुगरवाल्यांची हिरडी लवकर सुजते, आणि हिरडीत पू असला की शुगरही आटोक्यात येत नाही.

राखुंडी, विटकर, जाड मीठ यांनी दात पांढरे दिसतात, कारण कवच घासलं जातं. ते परत येत नाही. बाभळीचं, कडुलिंबाचं दातण वाईट नाही, पण ते मागच्या दाढांच्या आतल्या बाजूला पोचत नाही. फ्लोराइड असलेली साधी पेस्ट घ्या, महाग लागत नाही. सकाळी एकदा आणि रात्री झोपताना एकदा. रात्रीचा ब्रश जास्त महत्त्वाचा, कारण झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना मोकळं रान मिळतं.

मिश्रीनं दात घट्ट होतात ना?

आता मुद्द्याचं. भोर काय, वेल्हे काय, आपल्याकडे घरातली बाई पहाटे उठली की आधी तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिश्री बोटावर घेते. पुरुष तंबाखू मळतो तो चारचौघांत दिसतो. मिश्री चुलीपाशी असते, म्हणून तिला कुणी व्यसन म्हणत नाही. पण ती तंबाखूच आहे. भाजली म्हणून तिचं विष जात नाही. तंबाखू न ओढता तोंडात धरली तरी कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं कधीच मान्य केलेलं आहे. नुसत्या सुपारीबद्दलही त्यांचं तेच म्हणणं आहे.

मिश्री लावली की दुखणं कमी होतं, रक्त थांबतं, असं बाया सांगतात. ते खोटं नाही. निकोटीननं हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि जागा बधिर पडते. म्हणजे रोग आत चालूच असतो, फक्त कळत नाही. "मिश्रीबिगर परसाकडं होत नाही" हेही खरंच, कारण निकोटीन आतडी हलवतं. सवय मोडताना पहिले काही आठवडे पोट जड राहतं, डोकं धरतं, चिडचिड होते. सासूबाई चिडल्या तर समजून घ्या, कोमट पाणी आणि पालेभाजी वाढवा. एकदम जमत नसेल तर आधी दुपारची, मग जेवणानंतरची बंद करा. तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फोन मोफत आहे : १८००-११-२३५६. गरोदर बाईनं मिश्री लावली तर बाळाचं वजन कमी भरतं, तिनं तर आजच सोडावी.

आमच्या आईनं चाळीस वर्षं मिश्री लावली. माझ्या दाढेच्या निमित्तानं ती सोबत आली होती, डॉक्टरांनी सहज तिचंही तोंड बघितलं. गालाच्या आत बोटभर पांढरा पट्टा होता. दुखत नव्हता, म्हणून तिनं कुणाला सांगितलाच नव्हता. तुकडा तपासायला पाठवला. ते आठ दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. कॅन्सर निघाला नाही, पण पुढे होऊ शकेल असा डाग निघाला. मिश्री सुटायला तिला पाच महिने लागले. दर तीन महिन्यांनी दाखवायला नेतो.

मग तोंड तपासायचं कसं?

दिवसाच्या उजेडात आरसा घ्या, नाहीतर घरच्याला मोबाईलची बॅटरी धरायला सांगा. कवळी असेल तर काढा. ओठ उलटा करून आत बघा, दोन्ही गाल आतून, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखाली, टाळू. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, कारण नसताना हललेला दात यातलं काही दिसलं तर दाखवा. न दुखणारी जखम जास्त संशयाची, हे लक्षात ठेवा. तोंडात एकही दात नसलेल्या म्हाताऱ्यांनाही हे लागू आहे.

स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात जातात का पाहा. मावा, गुटखा, सुपारी खाणाऱ्या पोरांचं तोंड हळूहळू आखडतं, तिखट सोसत नाही. आखडलेलं तोंड पूर्ववत होणं अवघड, पण तिथंच थांबलं तर पुढचं टळू शकतं. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. ती कशी आहे हे टपरीवर रोज दिसतंच.

तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, ही भीती काढून टाका. तुकडा तपासल्याशिवाय निदानच होत नाही. लवकर सापडला तर लहान शस्त्रक्रियेत काम भागू शकतं.

दुधाचे दात पडणारच, मग कशाला दाखवायचे?

दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात आणि खालच्या पक्क्या दातांची जागा धरून ठेवतात. पण याहून मोठी चूक वेगळीच होते. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. ती येताना काहीच पडत नाही, म्हणून आईबापांना ती दुधाचीच वाटते. ती आयुष्यभराची असते. पहिलीतल्या पोराच्या चार कोपऱ्यांतल्या चार दाढा आज उजेडात बघा. चहा-बिस्किट आणि पाच रुपयांचे पुडे यांनी आधी त्याच जातात. पोराला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी.

कबड्डीत किंवा गाडीवरून पडून पक्का दात मुळासकट निघाला तर तो फेकू नका. मुळाला हात न लावता वरून धरा, घासू नका, कच्च्या थंड दुधात टाका आणि अर्ध्या-एक तासात डॉक्टरकडे पोचा. तो परत बसवता येतो. दुधाचा दात असेल तर बसवत नाहीत.

दाढ काढल्यावर

कापूस अर्धा-पाऊण तास दाबून धरा. त्या दिवशी चूळ भरायची नाही, थुंकत बसायचं नाही, तंबाखू तर नाहीच. खड्ड्यात रक्ताची गाठ बसते, तिच्यामुळे जखम भरते. ती निघाली तर दुखणं आधीपेक्षा वाईट. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून.

जायचं कुठं?

भोरचं उपजिल्हा रुग्णालय जवळचं. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. दातांचा विभाग कोणत्या वारी चालू आहे ते आधी विचारून जा, हेलपाटा वाचेल. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तोंडाची तपासणी उपकेंद्रातही करायची असते. आशाताईंना सांगा. अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासतं, त्यांनी चिठ्ठी दिली तर ती दप्तरात पडू देऊ नका. रूट कॅनॉल, कवळी अशा कामांना स्वारगेटच्या एसटीनं कात्रजपर्यंत जाऊन धनकवडीचं भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय गाठता येतं. अशा महाविद्यालयांत शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पैसे कमी लागतात.

जाताना आधार कार्ड, रेशन कार्ड आणि चालू गोळ्यांची पट्टी न्या. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ती मनानं बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. शुगर असेल तर जेवून जा. बाई गरोदर असेल तर सांगा. दाताचं काम तेव्हाही होतं, चौथा ते सहावा महिना त्याला बरा.