तळटीप : ‘कल्पित नोट’

* लेखक इथे ‘कल्पित नोट’ म्हणतात तेव्हा त्यांना बनावट नोट अभिप्रेत नाही. बनावट नोट खऱ्या नोटेची नक्कल करून फसवते. कल्पित नोटेला मात्र मागे खरं चलनच नसतं. ती कुणा खासगी व्यक्तीने किंवा संस्थेने हौसेखातर वा एखाद्या हेतूने छापलेली असते. अंटार्क्टिकाच्या ‘डॉलर’ नोटा याचं ठळक उदाहरण. 1959 च्या करारानुसार तिथे कोणत्याही देशाचे नवे हक्क मान्य होत नाहीत, त्यामुळे त्या खंडाला स्वतःचं चलन नाही. तरी 1996 पासून पेंग्विनची चित्रं असलेल्या या देखण्या नोटा संग्राहकांसाठी निघत आल्या.

आपल्याकडची सर्वांत मोलाची कल्पित नोट म्हणजे शून्य रुपयाची. चेन्नईच्या ‘फिफ्थ पिलर’ संस्थेने 2007 पासून ती वाटली. रंगरूप तेव्हाच्या पन्नासच्या नोटेचं, गांधीजीही तेच. पण गव्हर्नरांचं ‘अदा करण्याचं’ वचन असतं तिथे लाच घेणार नाही, देणार नाही अशी प्रतिज्ञा आहे. लाच मागणाऱ्याच्या हातावर ठेवायची ही नोट. संग्रहात ती कोरी करकरीत मिळाली तर आनंदच, पण घडी पडलेली, खिशात मळलेली प्रत मला अधिक महत्त्वाची वाटते. जत्रेतल्या ‘मनोरंजन बँके’च्या नोटाही याच जातीच्या, त्या जपून ठेवायचं फारसं कुणाला सुचत नाही, याची खंत वाटते. नव्याने छापू पाहणाऱ्यांनी भारतीय न्याय संहितेचं कलम 182 आधी वाचावं : खऱ्या नोटेशी गल्लत होईल इतकं साम्य असलेला कागद छापणं हा गुन्हा आहे. — संपादक