फिश टँकसाठी कॅनिस्टर फिल्टर: कमी बजेटमध्ये टिकणारा कसा निवडायचा?

दोन फुटी फिश टँकवरून तीन फुटीवर गेलं की पहिली अडचण येते फिल्टरची. कोपऱ्यात चिकटवलेला छोटा इंटरनल फिल्टर पुरत नाही, चार दिवसांत पाणी गढूळ दिसायला लागतं, आणि कुणालाही विचारलं तरी उत्तर एकच मिळतं: कॅनिस्टर घे. मग शॉपिंग अ‍ॅप उघडायचं. तिथे एकसारखे दिसणारे काळे डबे, किमतीत मात्र तिप्पट-चौपट फरक, आणि प्रत्येकावर मोठ्या अक्षरांत '१००० लिटर प्रति तास', '१४०० लिटर प्रति तास'.

बहुतेक जण याच आकड्यावरून निवड करतात. माझ्या मते बॉक्सवरचा सगळ्यात कमी उपयोगाचा आकडा तोच आहे. आपल्या घरांमध्ये भरवशाचा कॅनिस्टर म्हणजे तीन गोष्टी: लाईट जाऊन आली की तो नीट सुरू झाला पाहिजे, झाकणातून गळता कामा नये, आणि दोन वर्षांनी त्याचे पार्ट मिळाले पाहिजेत.

आधी हे समजून घ्या: डब्यात नक्की काय चालतं?

कॅनिस्टर म्हणजे टँकच्या खाली, कपाटात ठेवायचा बंद डबा. एका पाईपमधून टँकचं पाणी आपल्या वजनाने खाली येतं, डब्यातल्या स्पंज आणि सिरॅमिक रिंग्जमधून वर चढतं, आणि झाकणातला पंप ते दुसऱ्या पाईपने परत टँकमध्ये ढकलतो.

पाण्यातला कचरा अडकवणं हे त्याचं सोपं काम. खरं काम डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो, जो माशांसाठी विष आहे. डब्यातल्या रिंग्जवर आणि स्पंजवर जे बॅक्टेरिया वाढतात, ते अमोनियाचं आधी नायट्राईट करतात आणि मग नायट्रेट. नायट्राईटसुद्धा विषारीच. नायट्रेट त्यामानाने सौम्य, आणि आठवड्याला थोडं पाणी बदललं की ते आटोक्यात राहतं. ही बॅक्टेरियांची वसाहत तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून कॅनिस्टरकडे नुसती गाळणी म्हणून बघू नका. त्यात जिवंत माल आहे, आणि त्याला सतत ऑक्सिजन असलेलं पाणी लागतं.

लाईट गेल्यावर

हे मी चूक करून शिकलो. पुण्यात गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाईट जाणं कुणाला नवीन नाही. अशाच एका गुरुवारी सकाळी दहाला गेलेली लाईट संध्याकाळी पाचच्या पुढे आली. मी ऑफिसमध्ये. फिल्टर आपोआप सुरू झाला आणि मी मेसेज केला, 'बरं झालं'. घरी आलो तर पाण्याला गटारासारखा वास, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहापैकी चार एंजल मेलेले. फिल्टरमध्ये काही बिघाड नव्हता. त्याने त्याचं काम चोख केलं होतं: सात तास डब्यात कुजलेलं पाणी त्याने टँकमध्ये आणून सोडलं.

झालं असं की बंद डब्यातला ऑक्सिजन काही तासांतच संपतो. बॅक्टेरिया मरायला लागतात, अडकलेला कचरा सडतो, आणि लाईट आल्यावर ते सगळं वर जातं. स्पंज फिल्टर किंवा टँकला मागून लटकवायच्या फिल्टरमध्ये हा धोका कमी असतो, कारण तिथे मीडिया उघड्या पाण्यात किंवा हवेजवळ असतो.

म्हणून नियम सोपा ठेवा. तास-दीड तास लाईट गेली तर काही करू नका. तीन-चार तासांच्या वर गेली तर फिल्टर लगेच सुरू करू नका. व्हॉल्व्ह बंद करून डबा बाहेर काढा, आतलं पाणी फेकून द्या, टँकमधलंच बादलीभर पाणी काढून त्यात स्पंज आणि रिंग्ज हलवून घ्या, आणि मगच चालू करा. नळाखाली धुऊ नका. पालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन उरलेसुरले बॅक्टेरियाही मारतं.

घरी कुणी नसेल तर? शटडाऊनचा मेसेज आला असेल तर सकाळी निघतानाच फिल्टरचं बटण बंद करा. स्मार्ट प्लग वापरत असाल तर बऱ्याच अ‍ॅपमध्ये 'लाईट परत आल्यावर काय करायचं' अशी सेटिंग असते: चालू, बंद, किंवा आधीसारखं. एरवी ती 'चालू' ठेवा, गुरुवारपुरती 'बंद' करा. ही सेटिंग प्लगमध्येच साठवलेली असते, त्यामुळे वायफाय बंद असलं तरी चालते.

इन्व्हर्टर असेल तर प्रश्नच मिटला. १५-२० वॅटचा फिल्टर त्याच्यासाठी एका एलईडी बल्बएवढा. फक्त इन्व्हर्टर साईन वेव्हचा हवा; जुन्या स्क्वेअर वेव्हवर फिल्टरची मोटर घूंऽऽ करते आणि गरम होते. राऊटरला लावतो तो छोटा यूपीएस इथे चालत नाही, कारण तो १२ व्होल्ट डीसी देतो आणि फिल्टरला २३० व्होल्ट एसी लागतात. त्यापेक्षा यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप घेऊन ठेवा. तो पॉवर बँकेवर तासन्‌तास चालतो आणि निदान माशांना ऑक्सिजन मिळतो. काही पॉवर बँक करंट फार कमी दिसला की आपोआप बंद होतात, तेव्हा एकदा तासभर लावून बघा.

बॉक्सवरचे आकडे कसे वाचायचे

आधी टँक किती लिटरचा ते काढा. लांबी, रुंदी, उंची इंचांत मोजा, तिघांचा गुणाकार करा आणि ६१ ने भागा. ३६ × १८ × १८ इंचांचा टँक १९१ लिटरचा भरतो. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की खरं पाणी १६०-१७० लिटर.

आता 'लिटर प्रति तास'. हा आकडा बहुतेकदा रिकाम्या डब्याचा असतो. स्पंज, रिंग्ज, पाईपची वळणं, आणि महिन्याभरात साचलेला कचरा धरला तर प्रत्यक्षात निम्माच मिळेल असं समजून चाला. टँकमधलं पाणी तासाला तीन-चार वेळा फिरलं तरी साध्या टँकला पुरतं. म्हणजे वरच्या टँकला १००० ते १४०० लिटर लिहिलेला फिल्टर ठीक. दोन हजारवाला घेतलात तर एंजल आणि फायटरसारखे संथ मासे दिवसभर प्रवाहाशी झगडत बसतील.

'एच मॅक्स' म्हणजे पंप जास्तीत जास्त किती उंचीपर्यंत पाणी चढवू शकतो. त्या उंचीला प्रवाह शून्य असतो, हे कुणी सांगत नाही. पण कॅनिस्टरमध्ये याची फार काळजी नको. खाली येणाऱ्या पाण्याचं वजन वर जाणाऱ्या पाण्याला तोलून धरतं, तराजूसारखं. पंपाला मुख्यतः घर्षणाशी लढायचं असतं. म्हणून कपाटात गुंडाळी करून ठेवलेला जास्तीचा पाईप कापून टाका. फुकटात प्रवाह वाढेल.

मला ज्या आकड्याशी जास्त घेणं आहे तो म्हणजे डब्यात मीडिया किती लिटर मावतो. तीच बॅक्टेरियांची जागा. तो लिहिलेला नसेल तर निदान डब्याची उंची-रुंदी बघा.

वॅट बघायला विसरू नका, कारण हा फिल्टर वर्षभर २४ तास चालणार. २० वॅट म्हणजे महिन्याला १४ युनिटच्या आसपास. युनिटचे ८ रुपये धरले तर ११५ रुपये. ३५ वॅट म्हणजे २५ युनिट आणि २०० रुपये. बिल आधीच १०० युनिटच्या सीमेवर असेल तर पुढचा स्लॅब लागू शकतो.

स्वस्त की महाग?

एक सरळ तुलना करू. जर्मन कंपनी एहाईमचा क्लासिक २२१७ आणि चिनी सनसनचा एचडब्ल्यू-३०२. दोघांवर आकडा एकच, १००० लिटर प्रति तास. वीज जवळपास सारखीच: २० वॅट आणि १८ वॅट. किंमत मात्र कितीतरी वेगळी. एहाईमच्या पैशांत तुम्हाला साधी, वर्षानुवर्षं न बदललेली रचना मिळते. मॉडेल बदललं नाही म्हणून जुन्या फिल्टरचे पार्टही नव्यासारखेच मिळतात. त्यात प्रायमिंगचं बटण नाही, ट्रे नाहीत. पहिल्यांदा पाणी खेचायला थोडी खटपट करावी लागते. सनसनमध्ये ट्रे आहेत, प्रायमिंगचं बटण आहे, बरोबर मीडियाही मिळतो, आणि तोच डबा काही देशांत वेगळ्या नावांनी विकला जातो.

बजेट कमी असेल तर स्वस्त घ्यायला माझी हरकत नाही. फक्त पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारा: 'याचा इम्पेलर आणि झाकणाचा रबर सुटा मिळेल का?' इम्पेलर म्हणजे पंपातलं फिरणारं चुंबकी पातं. त्याचा सिरॅमिकचा दांडा साफ करताना कटकन तुटतो. दुकानदार 'अहो, काही होत नाही त्याला' म्हणाला तर दुसरं दुकान बघा. 'मिळेल' म्हणाला तर दोन्ही पार्ट तेव्हाच घेऊन ठेवा. मुंबईत असाल तर कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटला चक्कर मारा. डबा हातात घेऊन झाकणाच्या क्लिपा उघडून बघण्यात जे कळतं ते फोटोत कळत नाही. क्लिपा पातळ, हलणाऱ्या वाटल्या तर परत ठेवून द्या.

पाईपच्या जोडावर क्विक रिलीज व्हॉल्व्ह हवेतच. ते नसतील तर दर साफसफाईला कपाटात पाणी सांडणार, आणि मग तुम्ही साफसफाईच टाळायला लागणार.

यूव्ही लाईटसाठी जास्त पैसे देऊ नका. ती हिरवं झालेलं पाणी साफ करते, अमोनियाचं काहीच करत नाही, वॅट वाढवते, आणि तिचा बल्ब वर्षाच्या आत कमकुवत होतो. रिंग्जही सगळ्या ब्रँडेडच हव्यात असं नाही. भांडी घासायची प्लास्टिकची घासणी, नवी कोरी आणि साबण नसलेली, बॅक्टेरियांना राहायला उत्तम चालते. पाणी खालून वर जात असेल तर सगळ्यात खाली जाड स्पंज, मध्ये रिंग्ज, वर बारीक लोकर. क्रम उलटा लावला तर लोकर आठवड्यात चोंदते.

अमेरिकेतला दादा सुटकेसमधून आणतो म्हणाला, तरी नको म्हणा. तिथली मोटर १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची. थेट लावली तर जळेल. ट्रान्सफॉर्मर लावला तरी आपल्या ५० हर्ट्झवर हळू फिरेल.

घरी आल्यावर पहिले २४ तास

थेट टँकला जोडू नका. बाथरूममध्ये पाण्याची बादली उंचावर ठेवा, फिल्टर खाली वर्तमानपत्रावर, आणि एक दिवस चालवा. पेपर ओला झाला तर लगेच रिटर्न टाका, कारण ऑनलाईन रिटर्नची मुदत थोड्याच दिवसांची असते. या वेळात पाच-सहा वेळा बटण बंद-चालू करा. दर वेळी मिनिटभरात प्रवाह परत आला पाहिजे. हवा अडकून नुसता खरखर आवाज येत राहिला तर तो फिल्टर आपल्या लाईटच्या कामाचा नाही.

टँकला जोडताना दोन गोष्टी करा. खालचा पाईप निसटला तर जिथपर्यंत पाईपचं तोंड बुडालेलं आहे तिथपर्यंतचं सगळं पाणी घरात येतं. म्हणून पाणी ओढणाऱ्या पाईपचं तोंड तळाला टेकवू नका, निम्म्या उंचीच्या आसपास ठेवा. पाणी सोडणाऱ्या पाईपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक बारीक भोक पाडा, म्हणजे पातळी उतरली की तिथून हवा शिरून ओढ तुटते. आणि वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवा. थेंब वायरवरून ओघळला तर तो सॉकेटमध्ये न जाता खाली पडेल.

झाकणाच्या रबराला दर साफसफाईला सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन नको, काही प्रकारचे रबर त्याने फुगतात. बोअरचं पाणी असेल तर इम्पेलरवर पांढरा थर बसतो. तो तेवढा भाग व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला की निघतो.

सगळ्यांना कॅनिस्टर लागतो का?

नाही. दोन फुटी टँक, आठ-दहा गप्पी किंवा टेट्रा असतील तर स्पंज फिल्टर आणि एअर पंप पुरतो. त्याचा खर्चही कॅनिस्टरच्या मानाने किरकोळ, आणि लाईट गेल्यावर डोक्याला ताप नाही. गोल्डफिश, ऑस्कर असे भरपूर घाण करणारे मासे असतील किंवा टँक १००-१२५ लिटरच्या पुढचा असेल, तर कॅनिस्टरचे पैसे वसूल होतात. आणि नवा कॅनिस्टर लावला तरी जुना फिल्टर महिनाभर टँकमध्येच चालू ठेवा. नव्या डब्यातले बॅक्टेरिया वाढेपर्यंत सगळं ओझं तोच उचलणार आहे.