अणुवीज केंद्रातील विद्युत यंत्रणा : विश्वासार्हता व देखभाल

अणुवीज केंद्रातील विद्युत यंत्रणा : अणुभट्टी थंड ठेवणारे पंप, झडपा, मोजमापाची उपकरणे व नियंत्रणकक्ष यांना वीज पुरवणारी रोहित्रे, ब्रेकर, केबल, डिझेल जनित्रे, बॅटऱ्या व रिले यांचा समूह. ही साधने ऐन वेळी चालतीलच याची खात्री ठेवण्यासाठी सतत होणारी तपासणी व दुरुस्तीही या विषयात येते. महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे हे काम 1969 पासून चालू आहे.

कोळशाचे वीजकेंद्र बंद केले की भट्टीतला जाळ विझतो आणि धोका जवळजवळ संपतो. अणुभट्टीत विखंडनाची साखळी क्षणात थांबवता येते, पण विखंडनातून तयार झालेली किरणोत्सर्गी द्रव्ये उष्णता देतच राहतात. बंद केल्याच्या क्षणी ही उष्णता पूर्ण औष्णिक शक्तीच्या साधारण 6 ते 7 टक्के असते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास येते आणि दिवसाने अर्ध्या टक्क्यावर. तारापूरच्या 540 मेगावॉटच्या संचाची औष्णिक शक्ती 1,700 मेगावॉटच्या घरात आहे. म्हणजे संच बंद होताच शंभर मेगावॉटहून अधिक उष्णता बाहेर काढावी लागते, आणि ती काढणाऱ्या पंपांना वीज लागते. वीज निर्माण करणारे केंद्र थांबल्यावर स्वतःच विजेवर अवलंबून होते. पुढचे सारे नियम आणि सारी देखभाल यातूनच निघते.

भारतीय केंद्रांत हा पुरवठा चार वर्गांत विभागलेला असतो. क्लास-4 म्हणजे ग्रिडमधून किंवा केंद्राच्या जनित्रातून येणारी नेहमीची वीज. ती गेली तर क्लास-3 साठी डिझेल जनित्रे काही सेकंदांत आपोआप सुरू होतात. क्लास-2 हा खंड न पडणारा प्रत्यावर्ती पुरवठा, आणि क्लास-1 म्हणजे बॅटऱ्यांवरचा एकदिश पुरवठा. ब्रेकर उघडमिट करणारी आणि अणुभट्टीची स्थिती दाखवणारी उपकरणे या शेवटच्या दोन वर्गांवर चालतात. म्हणून बॅटरीघर ही केंद्रातली सर्वांत जपण्याची जागा ठरते, जरी भेटीला आलेला पाहुणा तिथे क्वचितच थांबतो.

तारापूरचे पहिले दोन संच अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने बांधलेले, उकळत्या पाण्याच्या प्रकारचे. ऑक्टोबर 1969 मध्ये त्यांचे व्यावसायिक उत्पादन सुरू झाले आणि वीज महाराष्ट्र व गुजरात या दोन राज्यांना मिळू लागली. मूळ क्षमता प्रत्येकी 210 मेगावॉट होती. दुय्यम बाष्पजनित्रांच्या नळ्या गळू लागल्याने ती पुढे 160 मेगावॉटवर आणण्यात आली. भारतीय बनावटीचे, जड पाण्यावर चालणारे 540 मेगावॉटचे दोन संच 2005 आणि 2006 मध्ये त्यांना जोडले गेले.

या विषयातला सर्वांत मोठा भारतीय धडा मात्र उत्तर प्रदेशात, गंगेकाठच्या नरोऱ्याला मिळाला. 31 मार्च 1993 च्या पहाटे साडेतीनच्या सुमारास तिथल्या पहिल्या संचाच्या टर्बाइनची दोन पाती तुटली. जबर हादऱ्यांनी जनित्राला थंड ठेवणारा हायड्रोजन गळला, पेटला, आणि वंगणाच्या तेलाने आग वाढवली. आग केबलच्या मार्गाने पसरली. संरक्षक यंत्रणांच्या वेगवेगळ्या केबल एकाच मार्गाने, मध्ये अग्निरोधक आडोसा न ठेवता नेलेल्या होत्या. काही मिनिटांतच चारही वर्गांचा पुरवठा गेला आणि संच सुमारे 17 तास विजेविना राहिला. नियंत्रणकक्षात धूर भरल्याने कर्मचाऱ्यांना तो सोडावा लागला. त्याआधीच त्यांनी अणुभट्टी बंद केली होती. पुढे टॉर्चच्या उजेडात वर चढून त्यांनी हाताने झडपा उघडल्या आणि भट्टी पुन्हा चालू होऊ नये म्हणून बोरॉनचे द्रावण आत सोडले. आग विझवण्यासाठी ठेवलेल्या डिझेल पंपांनी बाष्पजनित्रांना पाणी देऊन भट्टी थंड ठेवली. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. अणुघटनांच्या आंतरराष्ट्रीय मापनपट्टीवर ही घटना तिसऱ्या पातळीची ठरली. त्या रात्री पाळीवर असलेल्या माणसांचे ऋण देशाने पुरेसे मानले आहे असे वाटत नाही.

नरोऱ्याला जनित्रे, बॅटऱ्या, जादा पंप सारे होते. जोडीला दुसरे यंत्र असून भागत नाही. त्याच्याकडे जाणारी तारही वेगळ्या वाटेने, वेगळ्या खोलीतून जावी लागते. जून 1994 मध्ये गुजरातमधील काक्रापार केंद्रात अतिवृष्टीचे पाणी टर्बाइन इमारतीच्या तळघरात घुसले तेव्हा केबलचे चर हीच त्याची वाट ठरली. संच बंद असल्याने संकट टळले. केबलचा मार्ग, त्यातली भिंतीची भोके आणि ती बुजवणारे अग्निरोधक व जलरोधक सील यांची नियमित पाहणी यासाठीच देखभालीच्या यादीत असते. असाच सामायिकपणा तारापूरच्या जुन्या संचांतही होता : तीन डिझेल जनित्रे दोघांत मिळून होती. 2005-06 मधील सुधारणांत अधिक क्षमतेची नवी जनित्रे बसवली गेली, संचनिहाय वीजपुरवठा वेगळा करण्यात आला आणि पूरक नियंत्रणकक्षाची सोय झाली.

एकाच कारणाने अनेक साधने एकदम निकामी होणे हा या क्षेत्रातला खरा शत्रू आहे. स्वीडनमधील फोर्समार्क केंद्रात 25 जुलै 2006 रोजी 400 किलोव्होल्टच्या स्विचयार्डात शॉर्टसर्किट झाले. त्या धक्क्याने चारपैकी दोन अखंड पुरवठा संच बंद पडले आणि त्यांच्यावर विसंबून असलेली दोन डिझेल जनित्रे वीज देऊ शकली नाहीत. जपानच्या फुकुशिमात 11 मार्च 2011 रोजी भूकंपाने ग्रिड गेली, जनित्रे ठरल्याप्रमाणे सुरूही झाली. त्सुनामीने ती आणि त्यांचे स्विचबोर्ड बुडवले. मोजमापे वाचण्यासाठी कर्मचाऱ्यांनी मोटारगाड्यांच्या बॅटऱ्या काढून जोडल्या. समुद्रकाठच्या तारापूरसाठी ही घटना दूरची नव्हती. त्यानंतर भारतीय केंद्रांत बाहेरून पाणी सोडण्याच्या जोडण्या आणि हवेने थंड होणारी फिरती डिझेल जनित्रे यांची तरतूद करण्यात आली.

एकाच कारणाने अनेक साधने निकामी होण्याचे आणखी एक उदाहरण कोणत्याही बागायतदाराला लगेच कळेल. डीपीवरचा (गावच्या रोहित्रावरचा) एक फेज गेला तर विहिरीवरची मोटार उरलेल्या दोन फेजवर कण्हत राहते, जादा प्रवाह ओढते आणि जळते. त्यासाठीच स्टार्टरजवळ सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवतात. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या बायरन केंद्रात 30 जानेवारी 2012 रोजी नेमके हेच घडले. स्विचयार्डातला इन्सुलेटर तुटून एक फेज गेला, पण कमी दाब ओळखणाऱ्या रिलेंची जोडणी अशी होती की त्यांना बिघाड दिसलाच नाही. महत्त्वाच्या मोटारी जादा प्रवाहाने ट्रिप होऊ लागल्या. सुमारे आठ मिनिटांनी चालकांनी स्वतः ब्रेकर उघडले, मगच डिझेल जनित्रांनी भार घेतला. रिले चालू असणे आणि रिलेला योग्य गोष्ट दिसणे या दोन वेगळ्या बाबी आहेत हे या घटनेने जगभरच्या केंद्रांना पटवले.

देखभालीचे रोजचे रूप याहून पुष्कळ शांत असते. रोहित्रातल्या तेलाचा नमुना काढून त्यात विरघळलेले वायू तपासतात. ॲसिटिलीन दिसला तर आत ठिणग्या पडत आहेत, इथिलीन वाढला तर तेल कुठेतरी तापते आहे. मोटारींच्या वेटोळ्यांवरील निरोधक आवरणाचा विद्युतरोध मेगर या उपकरणाने मोजतात, पण एका आकड्यापेक्षा वर्षानुवर्षांच्या आकड्यांचा कल अधिक बोलका असतो. सैल जोडण्या उष्णताचित्रात उजळ दिसतात. बॅटऱ्यांच्या प्रत्येक घटातील द्रावणाची घनता व घटाचा विद्युतदाब नोंदतात आणि ठरावीक काळाने संपूर्ण बँक भारावर रिकामी करून पाहतात, कारण दाब ठीक दाखवणारी बॅटरीही भार येताच बसू शकते. डिझेल जनित्रे ठरलेल्या वेळापत्रकाने चालवून पाहिली जातात. किती दिवसांनी, किती वेळ, कोणत्या मर्यादेत हे सारे अणुऊर्जा नियामक मंडळाने मान्य केलेल्या तांत्रिक विनिर्देशांत बांधलेले असते. एखादे जनित्र दुरुस्तीसाठी काढले तर ते किती काळ बाहेर राहू शकते हेही त्यात ठरलेले आहे. ती मुदत ओलांडली तर संच बंद करावा लागतो. किनाऱ्यावर याखेरीज खारी हवा असते. इन्सुलेटरवर मिठाचा थर साचतो, ओलाव्याने तो वाहक बनतो आणि विजेचा झोत उडतो. तो थर धुऊन काढणे हे साधे दिसणारे काम केंद्राला ग्रिडशी जोडून ठेवते.

जड पाण्याच्या संचांत इंधन चालू स्थितीतच बदलता येते, म्हणून मोठी कामे सहसा द्विवार्षिक शटडाउनमध्ये उरकतात. कारवारजवळच्या कैगा केंद्राचा पहिला संच 2018 अखेर सलग 962 दिवस चालून थांबला, तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. अशा विक्रमाचे श्रेय अणुभट्टीइतकेच तिच्या मागे राबणाऱ्या रिले, ब्रेकर आणि केबलच्या तपासनिसांना जाते.

जुन्या केंद्रांत वय हीच अडचण होते. उष्णता आणि किरणोत्सर्गाने केबलचे आवरण ठिसूळ होते. अणुभट्टीच्या इमारतीतल्या केबल म्हणूनच वाफ, उष्णता व किरणोत्सर्ग यांच्या कसोटीतून आधी पास कराव्या लागतात. जुन्या घडणीच्या रिलेंचे सुटे भाग मिळेनासे होतात. त्यांच्या जागी संगणकीय रिले बसवताना त्यांतील आज्ञावली नव्याने तपासून घ्यावी लागते, कारण सर्व रिलेंत एकच आज्ञावली असेल तर तिच्यातली एक चूक सर्वांना एकाच वेळी गाठते.