ताजमधली एक रात्र

आमच्या गिरगावात ‘ताज’ ही राहण्याची जागा नव्हती. पाहुण्यांना दाखवण्याची होती. कोकणातून कुणी आलं की राणीची बाग, म्हातारीचा बूट आणि शेवटी अपोलो बंदर, असा ठरलेला कार्यक्रम. बंदरावर चणे खाता खाता आप्पा त्या घुमटाकडे बोट दाखवत, “ही इमारत उलटी बांधलीय बरं का! साहेब नकाशा देऊन विलायतेला गेला. परत येऊन बघतो तर पुढचं मागं! बिचाऱ्यानं वरून उडीच टाकली.” पाहुणे हळहळत. मग सगळे ट्रामनं घरी.

परवा लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला लेकानं तिथलीच एक रात्र भेट दिली. हिनं पिशवीत चिवडा घेतलाच. गादी इतकी मऊ, की चाळीतल्या सतरंजीवर घडलेली माझी पाठ रात्रभर बिचकत होती. झोप येईना म्हणून मी हिला खरा इतिहास सांगायला घेतला.

आप्पांच्या गोष्टीत खोट एवढीच, की ती गोष्ट खोटी होती. जमशेटजी टाटांच्या या हॉटेलाचा मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. बोरीबंदरचं स्टेशन उभारणाऱ्या स्टीव्हन्ससाहेबाच्या हाताखाली वैद्य तयार झालेले. इमारत पुरी व्हायच्या आत, १९०० साली ते वारले आणि काम चेंबर्स नावाच्या साहेबानं तडीला नेलं. त्यानं काही उडीबिडी टाकली नाही. १६ डिसेंबर १९०३ ला हॉटेल उघडलं तेव्हा पाहुणे किती? सतरा! आमच्या चाळीत सत्यनारायणाला याहून जास्त मंडळी जमत. आणि दार शहराकडे होतं, कारण घोडागाड्या शहराकडूनच यायच्या. समोरचं गेटवे तर १९२४ सालचं.

“अहो, म्हणजे आपलाच माणूस की!” ही उठून बसली. “आणि आपण जन्मभर त्या साहेबासाठी हळहळलो?”

यावर मी काय बोलणार? चिवड्याचा डबा उघडला.

सकाळी बंदरावर फिरायला गेलो तर एक आजोबा नातवाला घुमट दाखवत होते. “साहेबानं वरून...” एवढं कानावर पडलं आणि मला राहवेना.

“माफ करा हं, साहेब नव्हे. वैद्य. सीताराम खंडेराव वैद्य.”

आजोबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

“वैद्य? कुठले वैद्य?”