तसबीर-टांगणी, समायोज्य

चौकटीत बसवलेले चित्र, छायाचित्र किंवा प्रतिमा भिंतीवर टांगण्याची आणि टांगल्यानंतर तिची उंची, आडवी जागा, समतलता व पुढचा कल हवा तसा बदलण्याची सोय असलेली यांत्रिक योजना. साध्या खिळ्यावर तसबिरीची जागा खिळा ठोकतानाच कायमची ठरते आणि ती हलवायची म्हणजे भिंतीला दुसरे भोक पाडावे लागते. समायोज्य टांगणीत मात्र भिंतीशी जोडलेला भाग एकदाच पक्का बसवतात आणि पुढचे सर्व फेरफार त्या भागाला जोडलेल्या तार, साखळी, सळई, दातेरी पट्टी किंवा मळसूत्राने करतात. भिंत ठिसूळ आहे, तसबिरी वारंवार काढाव्या-लावाव्या लागतात किंवा एका भिंतीवर वेगवेगळ्या आकारांच्या चौकटी एका ओळीत हव्या आहेत, अशा ठिकाणी ही योजना विशेष उपयुक्त असते. नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर आणि एकूणच नांदेड-लातूर परिसरात ही तिन्ही कारणे एकत्र आढळतात.

पूर्वपीठिका : राजा रविवर्मा यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला व पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. तेथून आणि त्याच्या अनुकरणाने निघालेल्या इतर छापखान्यांतून देवादिकांची रंगीत शिळामुद्रित चित्रे स्वस्तात मिळू लागली, त्यामुळे काचेच्या चौकटीतील तसबीर वाड्यांच्या दिवाणखान्यातून साध्या घरांच्या ओसरीपर्यंत पोचली. मराठवाड्यातील जुन्या घरांच्या भिंती दगड-मातीच्या, दोन-दोन फूट जाडीच्या आणि वर मातीचे माळवद असलेल्या असत. अशा भिंतीत ठोकलेला खिळा माती सोडून देतो, म्हणून भिंत रचतानाच तिच्यात लाकडी खुंट्या बसवीत. ढाळजेतील किंवा माजघरातील तसबीर या खुंटीला सुतळीने किंवा तारेने बांधीत आणि तिची खालची कड भिंतीला टेकवून वरची बाजू पुढे झुकती ठेवीत. तसबीर डोक्यापेक्षा बरीच उंच असल्याने या झुकावामुळे खाली बसलेल्या माणसाला चित्र समोरून दिसे आणि दारातून येणारा उजेड काचेवर कमी चमके. सुतळीची गाठ वर-खाली सरकवून उंची आणि झुकाव बदलता येई, म्हणजे समायोजनाचे तत्त्व या साध्या बांधणीतही होतेच.

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात घराच्या भिंतीच्या वरच्या भागात लाकडी नक्षीची सलग पट्टी बसवून तिच्या कडेवर धातूचे आकडे अडकवण्याची आणि त्यांना साखळ्यांनी किंवा दोऱ्यांनी चित्रे लटकवण्याची पद्धत रूढ झाली. आजच्या चित्रदालनांतील ॲल्युमिनियमची रूळपट्टी ही त्याच कल्पनेची सुधारलेली आवृत्ती होय. महाराष्ट्रात औंध येथे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभारलेल्या श्री भवानी चित्रसंग्रहालयासारख्या कायम संग्रहाच्या ठिकाणी चित्राची जागा सहसा बदलत नाही. मात्र 1952 मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या जहांगीर कलादालनासारख्या बदलत्या प्रदर्शनांच्या ठिकाणी भिंत तीच राहते आणि चित्रे बदलत जातात. समायोज्य टांगणीची खरी गरज अशाच ठिकाणी पडते.

घटक : कोणत्याही समायोज्य टांगणीचे तीन भाग असतात. पहिला भिंतीतील आधार, म्हणजे खुंटी, खिळा, स्क्रू किंवा रूळपट्टी. दुसरा मधला दुवा, म्हणजे तार, साखळी, सळई किंवा पट्टी. आणि तिसरा चौकटीच्या पाठीवरील कडी किंवा दातेरी पट्टी. तसबीर पडते तेव्हा बहुतेक वेळा दोष पहिल्या भागात असतो आणि त्याखालोखाल तिसऱ्यात, कारण चौकटीच्या बारीक लाकडात बसवलेले आखूड स्क्रू कालांतराने सैल होतात. समायोजन मुख्यतः मधल्या दुव्यात होते, पण सुरक्षितता दोन्ही टोकांवर अवलंबून असते.

भार व ताण : तसबिरीच्या वजनात काचेचा वाटा मोठा असतो. काचेच्या प्रत्येक मिलिमीटर जाडीमागे एका चौरस मीटरचे वजन सुमारे 2.5 किग्रॅ. भरते, त्यामुळे 90 × 60 सेंमी. आकाराच्या तसबिरीतील 3 मिमी. जाडीची काच एकटीच सुमारे 4 किग्रॅ. वजनाची असते आणि चौकट व पाठीचा प्लायवुड धरून हे वजन 6 किग्रॅ.च्या आसपास जाते. हा भार एकाच आकड्यावर तारेने लटकवला, तर तारेच्या प्रत्येक बाजूवरील ताण तार आडव्या रेषेशी करीत असलेल्या कोनावर ठरतो. एकूण वजनाला त्या कोनाच्या ज्येच्या दुपटीने भागले की हा ताण मिळतो. 6 किग्रॅ. वजनासाठी कोन 60 अंश असेल तर प्रत्येक बाजूवर सुमारे 3.5 किग्रॅ. भाराइतका, 30 अंश असेल तर 6 किग्रॅ. भाराइतका आणि 10 अंश असेल तर 17 किग्रॅ. भारापेक्षाही जास्त ताण येतो. यावरून तार जितकी ताठ व आडवी बांधली जाईल तितकी ती कड्यांना आतल्या बाजूस अधिक जोराने ओढते, हे स्पष्ट होते. तार चौकटीआड लपावी म्हणून ती गच्च ओढून बांधण्याची सवय याच कारणाने घातक आहे. तिला पुरेसा झोळ ठेवावा, किंवा दोन आकडे वापरून प्रत्येक बाजूचा भार सरळ खाली उतरेल असे करावे.

प्रकार : (1) साखळीची टांगणी : आकड्यात अडकवायची कडी बदलली की उंची एका कडीच्या लांबीने बदलते, रचना सोपी आणि टिकाऊ असली तरी बारीक फरक साधत नाही. (2) दातेरी पट्टी : चौकटीच्या वरच्या पट्टीवर मागून बसवलेल्या या पट्टीला करवतीसारखे दाते असतात. खिळ्यावरचा दाता बदलून तसबीर किंचित डावी-उजवीकडे सरकवता येते आणि तिचा तिरपेपणा काढता येतो; ती हलक्या तसबिरींसाठीच योग्य आहे. (3) मळसूत्री टांगणी : भिंतीवरील पट्टीत उभा स्क्रू असतो आणि तो फिरवला की त्यावरचा आकडा हळूहळू वर-खाली होतो. दोन बाजूंना असे दोन आकडे असतील तर तसबीर न उतरवता पाणसळीबरोबर आणता येते. (4) उतरत्या कडांची जोडपट्टी : लाकडाची किंवा धातूची पट्टी 45 अंशांत तिरपी कापून एक भाग भिंतीवर वर तोंड करून आणि दुसरा चौकटीवर खाली तोंड करून बसवतात, की दोन्ही एकमेकांत अडकतात. भार पट्टीच्या संपूर्ण लांबीवर वाटला जातो आणि तसबीर आडवी सरकवता येते, म्हणून जड आरशांना व मोठ्या प्रतिमांना ही पद्धत चांगली. (5) रूळपट्टीची टांगणी : छताखाली आडव्या बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या खाचपट्टीत सरकते आकडे असतात, त्यांना पोलादी तारा किंवा सळया लटकतात आणि प्रत्येक तारेवर वर-खाली सरकणारा पकड-आकडा असतो. आडवी जागा रुळाने आणि उंची आकड्याने बदलत असल्याने सर्व प्रकारांत समायोजनाचा पल्ला याच प्रकारात सर्वांत मोठा असतो.

पकड-आकड्याची रचना : रूळपट्टीच्या टांगणीतील हा लहानसा भाग सर्वांत कल्पक आहे. पितळेच्या किंवा पोलादाच्या बोटभर नळीच्या आत वर निमुळती होत जाणारी पोकळी असते, तिच्यात पोलादी छर्रे बसवलेले असतात आणि एक स्प्रिंग त्यांना सतत वर, अरुंद भागाकडे ढकलीत राहते. तार या छर्ऱ्यांच्या मधून जाते. तसबिरीचे वजन नळीला खाली ओढू लागले की छर्रे अरुंद भागात रुतून तारेला चिमटतात. वजन जितके जास्त, तितकी पकड घट्ट. आकडा हलवायचा असेल तेव्हा नळीच्या डोक्यावरची टोपी खाली दाबतात, छर्रे रुंद भागात उतरतात, तार मोकळी होते आणि आकडा सहज सरकतो. टोपी सोडली की पकड आपोआप बसते. मात्र तसबिरीचा भार आकड्यावर असताना टोपी दाबू नये. एका हाताने चौकट पेलून धरावी आणि मगच टोपी दाबावी. तारेचे खालचे टोक कापल्यावर त्याचे धागे सुटले तर ते छर्ऱ्यांत अडकतात, म्हणून तार फक्त धारदार कातरीने कापावी.

उंची ठरवणे : प्रदर्शनांत चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे 150 सेंमी.वर, म्हणजे उभ्या प्रेक्षकाच्या डोळ्यांच्या पातळीच्या आसपास ठेवण्याचा प्रघात आहे. आकड्याची उंची काढताना या उंचीत चौकटीची अर्धी उंची मिळवावी आणि तार ओढून धरल्यावर तिचा सर्वांत वरचा बिंदू चौकटीच्या वरच्या कडेपासून जितका खाली येतो, तितके अंतर वजा करावे. उदाहरणार्थ, 60 सेंमी. उंचीच्या चौकटीत तार कडेपासून 8 सेंमी. खाली येत असेल, तर आकडा 150 + 30 − 8, म्हणजे 172 सेंमी.वर यावा. घरात बैठक जमिनीवर असेल तर मध्य खाली घ्यावा. समतलता पाहण्यासाठी गवंडी वापरतात ती पाणसळ आणि उभी रेषा पाहण्यासाठी ओळंबा पुरेसा असतो. छताच्या किंवा दाराच्या कडेवरून अंदाज बांधणे जुन्या घरांत फसवे ठरते, कारण त्या कडा स्वतःच तिरप्या झालेल्या असतात.

भिंतीचे प्रकार : अर्धापूर परिसरात दगड-मातीची, पक्क्या विटांची आणि सिमेंटची अशी तिन्ही प्रकारची बांधकामे शेजारी-शेजारी दिसतात आणि प्रत्येकाला आधार वेगळा लागतो. पक्क्या विटांच्या भिंतीत ड्रिलने भोक पाडून प्लॅस्टिकची गिट्टी बसवतात आणि तिच्यात स्क्रू पिळतात. गिट्टी गिलाव्यात न राहता विटेच्या आत पूर्ण गेली पाहिजे आणि विटांच्या सांध्यावर भोक पाडणे टाळले पाहिजे. सिमेंटच्या भिंतीत हीच पद्धत चालते, फक्त ड्रिल ठोक्याचे लागते. दगड-मातीच्या भिंतीत गिट्टी धरत नाही. तेथे जुन्या खुंट्या, दाराच्या वरची लाकडी तुळई किंवा खांब यांच्यामध्ये एक आडवी लाकडी पट्टी पक्की करून तिच्यावर रूळपट्टी बसवणे श्रेयस्कर, कारण त्यामुळे भार मातीवर न येता लाकडावर येतो. काळ्या जमिनीवरील घरांची आणखी एक अडचण आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया हलून भिंतींना तडे जातात आणि वर्षापूर्वी सरळ लावलेली तसबीर तिरपी दिसू लागते. मळसूत्री किंवा पकड-आकड्याच्या टांगणीत हा फरक नवे भोक न पाडता काढता येतो; तड्याच्या जवळ आधार मात्र कधीही घेऊ नये.

शाळा व कार्यालयांतील उपयोग : महाराष्ट्रातील शासकीय कार्यालये, ग्रामपंचायती आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत महापुरुषांच्या प्रतिमा वर्षभर भिंतीवर असतात, पण जयंतीच्या दिवशी त्या खाली उतरवून टेबलावर ठेवतात, हार घालून पूजन करतात आणि पुन्हा जागेवर लावतात. सावित्रीबाई फुले (3 जानेवारी), राजमाता जिजाऊ (12 जानेवारी), छत्रपती शिवाजी महाराज (19 फेब्रुवारी), महात्मा जोतीराव फुले (11 एप्रिल), डॉ. बाबासाहेब आंबेडकर (14 एप्रिल), राजर्षी शाहू महाराज (26 जून) आणि महात्मा गांधी (2 ऑक्टोबर) यांच्या जयंत्या, तसेच मराठवाड्यात 17 सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन लक्षात घेतला, तर ही उतर-चढ वर्षात अनेकदा होते. स्टुलावर उभे राहून आंधळेपणाने तार खिळ्यात अडकवताना खिळा हलतो, भोक रुंदावते आणि अखेरीस दुसरा खिळा ठोकला जातो. अनेक कार्यालयांच्या भिंतींवर एकेका प्रतिमेमागे तीन-चार भोके दिसतात ती याचमुळे. रूळपट्टी असेल तर पकड-आकडे खाली सरकवून प्रतिमा छातीच्या उंचीवर आणता येते, तेथे ती सुरक्षित काढता येते आणि नव्या प्रतिमेची भर पडल्यास सगळ्यांतील अंतर पुन्हा सारखे करता येते.

भूकंप व सुरक्षितता : 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदे कोसळून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. 2024 मध्ये 21 मार्च आणि 10 जुलै रोजी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले मध्यम धक्के नांदेड जिल्ह्यातही जाणवले. अशा धक्क्यांत घर टिकले तरी उघड्या तोंडाच्या आकड्यावरून तार उसळून काचेची चौकट खाली येऊ शकते. म्हणून आकडा बंद तोंडाचा असावा, चौकट दोन ठिकाणी पेललेली असावी, खालचे दोन कोपरे भिंतीशी हलकेच बांधलेले असावेत आणि पलंगाच्या किंवा पाळण्याच्या वर जड तसबीर मुळीच लावू नये.

देखभाल : चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे छोटे ठोकळे लावले की पाठीमागून हवा खेळते आणि पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीचा दमटपणा कागदापर्यंत पोचत नाही. वाळवी भिंतीवरून मातीच्या नळ्या बांधत प्लायवुडच्या पाठीपर्यंत येते, तर पुढे झुकलेल्या तसबिरीमागे चिमण्या घरटे करतात. दोन्हींसाठी तसबीर अधूनमधून उतरवून पाठ पाहावी लागते, आणि समायोज्य टांगणीने हे काम सोपे होते. साध्या लोखंडी तारेला पीळ दिलेल्या जागी गंज चढून ती तेथेच तुटते, म्हणून विणीची गंजरोधक पोलादी तार वापरावी. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तार, कड्या आणि भिंतीतील स्क्रू हाताने हलवून पाहावेत आणि सैल झालेला आधार त्याच दिवशी बदलावा. टांगणी निवडताना आधी भिंत, मग वजन आणि शेवटी यंत्रणा हाच क्रम ठेवावा. समायोजनाची कितीही उत्तम सोय असली तरी भिंतीने न पेललेली तसबीर सुरक्षित राहत नाही.