मचाणावर चढण्यापूर्वीं



मचाण हा शब्द ऐकला कीं आपल्या डोळ्यांपुढें वाघाची शिकार उभी राहते. खालीं बांधलेलें रेडकूं, वर पानांच्या आडोशाला बसलेले साहेब अथवा संस्थानिक, आणि रान उठवीत येणारे हांकारे. त्या शिकारींत मचाणावर बसणाऱ्यास जनावराची ओळख असलीच पाहिजे असें नव्हतें. वाघ कोठून येईल हें ठरविणारा एक, त्याला पुढें लोटणारे दुसरे आणि बार काढणारा तिसरा, अशी कामाची वांटणी असे. अमेरिकेच्या पश्चिम भागांतील हरणांची पारध मात्र याहून निराळी आहे. तेथें झाडावर आसन बांधून धनुष्यबाण घेऊन बसणारा मनुष्य बहुधा एकटाच असतो. हरीण कोठें निजतें, कोणत्या वाटेनें चरावयास उतरतें आणि त्या वेळीं वारा कोणीकडून वाहतो, हें त्याला आधीं स्वतः शोधून काढावें लागतें. दबा धरण्याचे तास थोडे, टेहळणीचे दिवस फार. ही टेहळणीची विद्या कोणाजवळ होती, ती दुसऱ्यांच्या हातीं कशी आली, आणि ज्यांनीं ती दिली त्या लोकांचें काय झालें, ही हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रथम जनावराची ओळख करून घेऊं. हरीण या एका शब्दांत आपण दोन कुळें एकत्र करतों. काळवीट व चिंकारा यांचीं शिंगें जन्मभर टिकतात. सांबर व चितळ यांचीं शिंगें दरवर्षीं गळून नवीं येतात. पश्चिम अमेरिकेंतील हरणें या दुसऱ्या कुळांतलीं होत. मेरिवेदर लुइस आणि विल्यम क्लार्क हे १८०४ सालीं मिसूरी नदीच्या वाटेनें पश्चिमेकडे निघाले, तेव्हां पूर्वेकडील पांढऱ्या शेपटीच्या हरणाहून निराळें असें एक हरीण त्यांना आढळलें. त्याचे कान खेचराच्या कानांसारखे मोठे, म्हणून लुइसनें त्याला ‘म्यूल डिअर’, म्हणजे खेचरी हरीण, असें म्हटलें. पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यालगतच्या ओल्या, दाट रानांत याच जातीचें एक भावंड राहतें. त्याची शेपटी काळी असल्यामुळें तें काळशेपट्या हरीण म्हणून ओळखलें जातें.

या दोघांच्या राहणींत मोठा फरक आहे. खेचरी हरीण उघड्या माळांचें व डोंगरांचें रहिवासी. हिंवाळ्यांत बर्फ पडूं लागलें कीं तें खालच्या पठारांवर उतरतें आणि उन्हाळ्यांत पुन्हा डोंगर चढतें. वायोमिंग संस्थानांत रेड डेझर्ट या वाळवंटापासून होबॅकच्या खोऱ्यापर्यंत सुमारें १५० मैलांचा प्रवास हीं हरणें दरवर्षीं करतात, हें त्यांच्या गळ्यांत यंत्रें बांधून २०१० नंतरच्या दशकांत सिद्ध करण्यांत आलें. अशा भटक्या जनावरासाठीं एखादें झाड धरून बसणें बहुधा व्यर्थ. उंचावरून दुर्बिणीनें शोधावें आणि मग सरपटत जवळ जावें, हीच तेथली रूढ रीत. काळशेपट्या हरणाचा वावर त्या मानानें लहान टापूंत असतो आणि रान इतकें दाट कीं दुर्बीण निरुपयोगी. तेथें वाट धरून बसणेंच फलदायी ठरतें. कोरड्या मुलखांतील पाणवठे आणि नदीकांठची दाट झाडी याठिकाणींहि मचाणाचा उपयोग होतो.

लुइस व क्लार्क यांना हें जनावर नवें होतें. तेथल्या मूळ रहिवाशांना तें हजारों वर्षें परिचयाचें होतें. हरणांच्या वाटांवर दगड रचून केलेले दबा धरण्याचे आडोसे पश्चिमेच्या कोरड्या डोंगरांतून आजहि पाहावयास मिळतात. झाडावरच्या आसनाचे हे पूर्वज म्हणावयास हरकत नाहीं. कारण जागा निवडण्याचें शास्त्र दोहोंचें एकच.

कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागांत, सॅक्रमेंटो नदीच्या पूर्वेस, लासेन नांवाचा ज्वालामुखी पर्वत आहे. त्या बाजूनें वाहत येणाऱ्या एका ओढ्याचें नांव डिअर क्रीक, म्हणजे हरणांचा ओढा, आणि दुसऱ्याचें मिल क्रीक. या ओढ्यांच्या खोल दऱ्यांतून याही नांवाची एक छोटी जमात राहत असे. १८४८ सालीं कॅलिफोर्नियांत सोनें सांपडलें, त्या सुमारास या लोकांची संख्या चारशेंच्या आसपास असावी असा अंदाज आहे. सोन्याच्या पाठोपाठ माणसें आलीं आणि माणसांच्या पाठोपाठ गुरें. खाणींच्या वस्त्यांतून हरणांचें मांस विकलें जाऊं लागलें, गुरांनीं कुरणें खाऊन टाकलीं, आणि याही लोकांची उपासमार होऊं लागली. त्यांनीं पोटासाठीं एखादें गुरूं मारलें कीं गोरे वसाहतवाले बंदुका घेऊन त्यांच्या मागावर निघत. १८७१ च्या सुमारास चार गुराख्यांना एका जखमी बैलाच्या रक्ताचा माग लागला. कुत्रीं सोडून त्यांनीं तो माग काढला, आणि एका गुहेंत आसऱ्यास गेलेलीं तीसएक माणसें, बायकामुलांसकट, मारून टाकलीं. हरणाचा माग ज्या रीतीनें काढावयाचा, त्याच रीतीनें माणसांचा माग काढला गेला.

जे मूठभर उरले ते सुमारें चाळीस वर्षें लपून राहिले. पाऊल उमटूं नये म्हणून ते दगडांवरून चालत. धूर दिसूं नये म्हणून चुली अगदीं लहान ठेवीत. १९०८ सालीं डिअर क्रीकच्या दरींत मोजणी करणाऱ्या इंजिनियरांच्या एका टोळीस त्यांची शेवटची वस्ती सांपडली. झोपडींत एक आजारी म्हातारी होती. त्या मंडळींनीं तिला इजा केली नाहीं, परंतु वस्तींतील धनुष्यबाण, टोपल्या व कातड्याचीं पांघरुणें ते उचलून घेऊन गेले. हिंवाळा तोंडावर आला असतां पारधीचीं हत्यारें आणि पांघरुणें जाणें, याचा अर्थ काय होतो हें सांगावयास नको.

१९११ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस ओरोव्हिल गांवाजवळच्या एका कत्तलखान्याच्या आवारांत एक उपाशी, थकलेला मनुष्य सांपडला. तो याही जमातीचा शेवटचा पुरुष. मानववंशशास्त्राचे प्राध्यापक आल्फ्रेड क्रोबर व टी. टी. वॉटरमन यांनीं त्याला सॅन फ्रॅन्सिस्को येथील विद्यापीठाच्या वस्तुसंग्रहालयांत आणून ठेवलें. स्वतःचें नांव स्वतः उच्चारूं नये असा त्याच्या लोकांचा रिवाज होता, आणि उच्चारणारें दुसरें कोणी उरलें नव्हतें. म्हणून क्रोबरनें त्याला ‘इशी’ म्हटलें. त्याच्या भाषेंत या शब्दाचा अर्थ ‘माणूस’ इतकाच.

संग्रहालयाला लागूनच वैद्यकीय विद्यालय होतें. तेथले शस्त्रवैद्य डॉ. सॅक्स्टन पोप यांची व इशीची १९१२ च्या सुमारास मैत्री जमली. धनुष्य कसें तासावें, त्याच्या पाठीस जनावराची स्नायु कशी चिकटवावी, बाणासाठीं हेझेलची काठी कशी सरळ करावी, काळ्या ज्वालामुखी कांचेचा फाळ हरणाच्या शिंगाच्या टोंकानें कसा घडवावा, हें सर्व इशीनें त्यांना शिकविलें. परंतु पोप यांच्या लेखनांत खरें महत्त्व आहे तें पारधीपूर्वींच्या तयारीच्या वर्णनाला. आदल्या दिवशीं मासे खावयाचे नाहींत, तंबाखू ओढावयाची नाहीं. पहांटे थंड पाण्यानें स्नान करून अंगास सुगंधी पाला चोळावयाचा आणि उपाशीपोटींच निघावयाचें. वारा पाहून हरणांच्या वाटेशेजारीं झुडुपाआड किंवा खडकाआड बसावयाचें, आणि पाडसासारखा आवाज काढून मादीस जवळ बोलवावयाचें. बाण सोडावयाचा तो बहुधा वीसएक यार्डांच्या आंतून. या नियमांत धर्म किती आणि व्यवहार किती हें कोणीं ठरवावें? परंतु हरणाचें नाक लक्षांत घेतलें तर यांतील प्रत्येक नियमाला अर्थ आहे.

१९१४ च्या मे महिन्यांत क्रोबर, वॉटरमन, पोप व पोप यांचा मुलगा हे इशीला घेऊन डिअर क्रीकच्या दऱ्यांत गेले. जेथें आपलीं माणसें गेलीं तेथें परत जावयास इशी प्रथम नाखूष होता. तेथें पोंचल्यावर मात्र त्यानें जुन्या वाटा, वस्त्या व झाडापाल्यांचीं नांवें सांगितलीं आणि सोबत्यांनीं त्यांचे नकाशे केले. पुढें दोन वर्षांनीं, १९१६ च्या मार्च महिन्यांत, तो क्षयानें वारला. त्याच्या इच्छेविरुद्ध शवचिकित्सा होऊन त्याचा मेंदू वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेकडे पाठविण्यांत आला. तो २००० सालीं त्याच्या नात्यांतल्या जमातींना परत मिळाला आणि त्यांनीं त्याचें दफन केलें.

पोप यांचें धनुष्यबाणाच्या पारधीवरील पुस्तक १९२३ सालीं प्रसिद्ध झालें. तें वाचून अमेरिकेंत शेंकडों लोकांनीं धनुष्य हातीं घेतलें. १९३४ सालीं विस्कॉन्सिन संस्थानानें केवळ धनुर्धाऱ्यांसाठीं हरणांच्या पारधीचा निराळा हंगाम ठरवून दिला आणि पुढें इतर संस्थानांनींहि तसें केलें. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः गेल्या पन्नास-साठ वर्षांत, पाठीवर वाहून नेतां येतील अशीं धातूचीं मचाणें आलीं, आणि खडकाआडचा पारधी झाडावर चढला.

पोप यांच्या पुस्तकाच्या दुसऱ्याच वर्षीं ॲरिझोनांत एक उलट प्रकार घडला. ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेस कैबाब नांवाचें पठार आहे. १९०६ सालीं तें राखीव करून हरणांची पारध बंद करण्यांत आली, आणि त्याबरोबरच हरणांना खाणारे पहाडी सिंह, लांडगे, कोल्ह्यासारखे कायोटी हजारोंनीं मारण्यांत आले. हरणें अतोनात वाढलीं. किती, याबद्दल तज्ज्ञांत वाद आहे, परंतु झाडपाला संपून तीं उपासानें मरूं लागलीं याबद्दल वाद नाहीं. तेव्हां जॉर्ज मॅककॉर्मिक नांवाच्या पशुपालकानें हजारों हरणें हांकून, दरी ओलांडून, पलीकडे नेण्याचा बेत केला. १९२४ च्या डिसेंबरांत शंभरावर माणसें, त्यांत कित्येक मूळ रहिवासी, घंटा व डबे वाजवीत रानांत शिरलीं. प्रसिद्ध कादंबरीकार झेन ग्रे हेहि हजर होते. बर्फाचें वादळ सुटलें, माणसांची रांग विस्कटली, आणि हरणें त्यांच्यामधून मागच्या मागें निसटलीं. एकहि हरीण पलीकडे गेलें नाहीं. गुरें हांकण्याची रीत हरणांना लागू पडत नाहीं, हें ज्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक होतें त्यांना त्या रांगेंत उभें केलें होतें. बेत आंखतांना मात्र त्यांचें कोणी ऐकलें नव्हतें.

आजच्या पारध्याची तयारी पाहिली तर इशीची शिकवण किती टिकली आहे हें दिसतें. तयारी कित्येक महिने आधीं सुरू होते, कारण अनेक संस्थानांत परवाने सोडतीनें मिळतात. मग नकाशा घेऊन रान पालथें घालावयाचें. खुरांचे ठसे व लेंड्या ताज्या कीं जुन्या हें पाहावयाचें. हरणाला वरच्या जबड्यांत पुढचे दांत नसतात, म्हणून त्यानें खाल्लेल्या फांदीचें टोंक फाटल्यासारखें दिसतें. सशानें खाल्लेलें टोंक सुरीनें कापल्यासारखें असतें. उन्हाळ्याच्या अखेरीस नर शिंगांवरची मखमल कोंवळ्या झाडांवर घांसून काढतात. त्या सालपटलेल्या खोडांवरून नराचा वावर समजतो. चरण्याची जागा आणि निजण्याची जागा सांपडली म्हणजे त्यांमधली वाट सांपडते, आणि त्या वाटेजवळचें एखादें जाड, निरोगी झाड निवडावयाचें.

यानंतर वाऱ्याचा विचार. डोंगरांत सूर्य मावळला कीं थंड हवा उतारावरून खालीं वाहूं लागते आणि सकाळीं ऊन चढलें कीं ती वर जाऊं लागते. म्हणून संध्याकाळचें मचाण हरणाच्या वाटेच्या खालच्या अंगास हवें व उन्हें चढल्यावरचें वरच्या अंगास. एकच झाड दोन्ही वेळां उपयोगी पडेल असें नाहीं. उंचीमुळें माणसाचा वास कांहींसा डोक्यावरून निघून जातो, हा फायदा. परंतु पडण्याचें भयहि उंचीबरोबर वाढतें. झाडावरून पडून दरवर्षीं माणसें जायबंदी होतात व मरतातहि. म्हणून जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत अंगाला पट्टे बांधून झाडाशीं जखडून घ्यावें, हा पहिला नियम.

अलीकडे या विद्येवर एक नवें संकट आलें आहे. हरणांच्या वाटेवर आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे बांधावयाचे आणि घरबसल्या हरणाची खबर घ्यावयाची, अशी चाल पडली. कोरड्या मुलखांत पाणवठे मोजके. एकेका पाणवठ्यावर कॅमेऱ्यांची रांग लागूं लागली. तेव्हां ॲरिझोना संस्थानानें १ जानेवारी २०२२ पासून पारधीसाठीं असे कॅमेरे वापरण्यास मनाई केली. यंत्रामुळें जनावराला निसटण्याची रास्त संधि उरत नाहीं, हें त्यामागचें एक कारण. मला वाटतें, माणसाचेंहि त्यांत नुकसान आहे. जो स्वतः माग काढतो त्याला रानाची ओळख होते. मादी पाडसासह कोठें असते, कोणता पाणवठा आटला, कोणतें कुरण खाऊन संपलें, हें त्याला दिसतें. ज्याला हें दिसतें तो बाण आवरूंहि शकतो.

आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार बंद झाली, आणि तें योग्यच झालें. तरी मचाण नाहींसें झालें नाहीं. बुद्धपौर्णिमेच्या रात्रीं ताडोबांत, मेळघाटांत पाणवठ्यांशेजारीं मचाणें बांधून प्राण्यांच्या नोंदी घेतल्या जातात, आणि शहरांतून आलेलीं माणसेंहि तेथें चांदण्यांत रात्रभर बसतात. त्यांना अत्तर लावूं नका, तंबाखू ओढूं नका, बोलूं नका, हलूं नका असें बजावावें लागतें. डिअर क्रीकच्या दरींतला तो मनुष्य हेंच सांगत असे. त्याचें खरें नांव आज कोणालाहि ठाऊक नाहीं. त्याचे नियम मात्र, ज्यांनीं त्याच्या लोकांचा माग काढला त्यांच्याच नातवंडांनीं जपून ठेविले आहेत.